नाण्याएवढी जागा

"बॅटरी काढून टाक," पेंटर म्हणाला.

त्याच्या बायकोने हातातली पक्कड बाजूला ठेवली. ती गाड्यांच्या वायरिंगची कामं करायची. शेड एकच होती, अर्धी त्याची, अर्धी तिची. मधे प्लॅस्टिकचा जाड पडदा होता, कारण तिच्या बाजूची धूळ त्याच्या ओल्या रंगावर बसली की त्या दिवशी घरात कोणी कोणाशी बोलत नसे.

"टाकते की काढून," ती म्हणाली. "मग गाडी कशावर चालवायची? तुमच्या कौतुकावर?"

"तसं नाही गं. फक्त पुढून काढ. बॉनेट उघडलं की पहिलं काय दिसतं, तर ही काळी पेटी. त्यात तिच्यातून ॲसिडची वाफ येणार, खालच्या पत्र्याचा रंग फुगणार, आणि वस्ताद नेमका तिथेच हात ठेवणार. त्यांचं तसंच असतं."

"मग ठेवू कुठे? मांडीवर?"

"डिकीत," पडद्यापलीकडून आवाज आला. हा तिचा भाऊ, शेजारच्या गॅरेजातला मेकॅनिक. तो यायचा चहासाठी आणि जायचा सल्ला देऊन. "शर्यतीच्या गाड्यांत डिकीतच बसवतात, दाजी. वजन मागे गेलं की गाडी कशी छान तोलात पळते."

गाडी पळण्याशी पेंटरला काही देणंघेणं नव्हतं. ती उभी असताना कशी दिसते एवढंच त्याला माहीत होतं, आणि ती दिसायची मात्र अशी की बघत राहावं. भंगारातून उचलून आणलेली ती जुनी, बुटकी गाडी. दिवसभर लोकांच्या गाड्या रंगवायच्या आणि सुट्टीच्या दिवशी हिच्यामागे लागायचं, असं करत करत त्याने तिचा एकेक पत्रा घासून, खड्ड्यांत लांबी भरून, पुन्हा घासून बाटलीहिरवा केला होता. नुसता बाहेरून नाही. दाराच्या बिजागऱ्या, सीटखालची लोखंडी पट्टी, बॉनेटचा आतला भाग, जिथे आयुष्यात कोणी डोकावणार नाही असे कोपरे, सगळे त्याच निगुतीने रंगवलेले. येणारेजाणारे लोक तिच्या दारात बघून केस नीट करायचे. असा हात लाखात एखाद्याला लाभतो, हे त्याच्यावर जळणारे पेंटरसुद्धा कबूल करत.

कबूल करत नव्हते ते एकटे वस्ताद. त्यांच्याच हाताखाली तो शिकला होता. वस्तादांची परीक्षेची रीत ठरलेली होती. डोळे मिटायचे, तळहात पत्र्यावरून फिरवायचा, आणि कुठेतरी थांबायचं. थांबले की खिशातून पॉलिशपेपर काढून तिथला रंग पार पत्र्यापर्यंत खरवडायचा आणि म्हणायचं, "पुन्हा." शिकत होता तेव्हा आणि नंतर स्वतःचं दुकान थाटलं तेव्हाही, पेंटरचं एकही काम त्यांनी न खरवडता सोडलं नव्हतं. आता त्यांची नजर गेल्यातच जमा होती. त्यांची मुलगी दूरच्या गावी असायची, तिच्याकडे ते कायमचे राहायला निघाले होते. रविवारी सकाळी त्यांची बस होती. "मी सोडतो तुम्हाला," असं पेंटरने त्यांना सांगून ठेवलं होतं, ते बसच्या काळजीने नव्हे. जाण्याआधी त्यांचा हात एकदा या गाडीवरून फिरावा आणि फिरून तसाच खाली यावा, एवढंच त्याला हवं होतं. यानंतर संधी नव्हती.

"बरं, देते डिकीत बसवून," बायको म्हणाली. त्याचा चेहरा बघून तिला नाही म्हणवेना. "लाल वायर गालिच्याखालून पुढे नेते, फ्यूज टाकते, ते माझं मी बघेन. पण काळी वायर तिथेच डिकीत बॉडीला आवळायची. गाडीचा सगळा पत्रा हीच परतीची वायर, कळलं? ती अर्थिंग नीट नसेल तर बाकीचं सगळं फुकट. आणि त्याला उघडा पत्रा लागतो. नाण्याएवढी जागा खरवडून द्या मला."

पेंटरच्या तोंडचं पाणी पळालं. "रंगावरून नाही का जाणार वीज?"

"रंगावरून तुमचा हात जातो. वीज जात नाही."

"एखादा पातळ हात असला तरी?"

"अहो, नाण्याएवढी जागा! डिकीत, गालिच्याखाली! कोण बघणार आहे तिथे?"

शनिवारी दुपारी तिच्या डोळ्यांदेखत त्याने ती जागा खरवडली. कानशीचा प्रत्येक फटका त्याच्याच दाढेवर बसत होता. खाली पांढरा, चकचकीत पत्रा दिसला तेव्हा ती म्हणाली, "शाब्बास! बघा, काही मेलात का?" आणि ती लाल वायर ओढायला पुढे गेली.

तो त्या उघड्या ठिपक्याकडे बघत बसला. वस्तादांना तो दिसणार नव्हता, कबूल. पण त्याला तो दिसत होता ना! एवढी सगळी गाडी नटूनथटून उभी आणि पदराला मात्र भोक. शिवाय उघडा पत्रा गंजणार. आज नाण्याएवढा, उद्या बशीएवढा. त्याने मान वळवून बघितलं. बायको अर्धी डॅशबोर्डखाली होती, नुसते पाय बाहेर दिसत होते. त्याने प्राइमरचा एक अगदी हलका हात मारला. प्राइमर मारल्यावर रंग न मारणं म्हणजे पान वाढून न जेवण्यासारखं, म्हणून रंग मारला. मग तो आजूबाजूच्या रंगापेक्षा मंद दिसायला लागला, म्हणून वरून लॅकर मारलं. दिव्याखाली वाळवलं, कडा घासून एकजीव केल्या आणि काळ्या वायरीचा बोल्ट बसायचं भोकही आतून रंगवायला विसरला नाही.

"काळी वायर आवळायची राहिली," पुढून आवाज आला.

"तू दमलीस. मी आवळतो," पेंटर म्हणाला.

संसाराला इतकी वर्षं झाली, पण तिचा पाना त्याने आपणहून कधी हातात घेतला नव्हता. तिला इथेच शंका यायला हवी होती. पण ती खरंच दमली होती, आणि तिला बरं वाटलं.

रविवारी सकाळी पेंटर नवा शर्ट घालून गाडीत बसला आणि त्याने सेल्फ मारला.

टक.

पुन्हा मारला. पुन्हा टक. हॉर्न दाबला तर मांजराचं पिल्लू दाराबाहेर राहिल्यासारखा आवाज आला.

बायकोचा चेहरा पडला. वायरिंग तिचं होतं. ती टेस्ट लॅम्प घेऊन धावली. लाल वायर बघितली, ठीक. फ्यूज बघितला, ठीक. मग बॉडीला अर्थिंग पोचतंय का ते बघायला दिव्याचा चिमटा कुठे लावावा म्हणून ती गाडीभोवती फिरली, तर चिमटा लावायला अख्ख्या गाडीत रंग नसलेली जागा सापडेना. बिजागरी रंगवलेली, कडी रंगवलेली, स्क्रूची डोकी रंगवलेली. शेवटी डिकीच्या कुलपाच्या जिभेवर झिजलेला एक कोपरा मिळाला. तिथे चिमटा लावला आणि दिवा लागला.

"अर्थिंग येतंय," ती गोंधळून म्हणाली. "मग माझं चुकलं तरी कुठे? थांबा, तो बोल्ट एकदा सोडवून बघते."

चोराच्या मनात चांदणं. पेंटर डिकीसमोर आडवा उभा राहिला. "तिथे काय बघतेस? मी खरवडलं ते तू स्वतः बघितलंस ना?"

"ते बघितलंय," ती म्हणाली. नवरा थापा मारणाऱ्यातला नव्हता. शिवाय तो जे बोलला, ते अक्षरशः खरं होतं.

त्याला बोलून टाकावंसं वाटत होतं, नाही असं नाही. पण बोललं की ती लगेच कानस घेणार, आणि वस्ताद येईपर्यंत तिथे ओरखडा तयार असणार. आणि मनातून त्याला पटतही नव्हतं. विजेने मोठमोठे पंप फिरतात, गिरण्या चालतात. त्या विजेला आपला केसाएवढा रंग अडवेल? उगीच आपल्या रंगाला एवढं मोठं का समजावं?

तेवढ्यात मेहुणा आला. त्याने ऐकून घेतलं आणि जाहीर केलं, "बॅटरी गेली." स्वतःच्या गॅरेजातून दुसरी आणून लावली. टक. "मग सेल्फ अडकलाय," म्हणून त्याने हातोडी काढली.

"लांब हो!" पेंटर ओरडला. "इंजिनाच्या बाजूला तीन हात रंग आहे!"

"दाजी, सेल्फला दोन टोले मारावेच लागतात. प्रेमाने."

"कापड गुंडाळून मार!"

हातोडीला फडकं गुंडाळून टोले मारले गेले. सेल्फला त्याचं सोयरसुतक नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा चालला होता, आणि कळसा कोणाच्या काखेत आहे हे एकालाच माहीत होतं. शेवटी बसची वेळ जवळ आली म्हणून मेहुण्याने आणि बायकोने मागून धक्का मारला. "हात लावू नका, फडकं धरून ढकला!" असं पेंटर आतून ओरडत होता. गाडी खोकली आणि एकदम चालू झाली. हॉर्न खणखणीत, दिवे लख्ख.

"चालू झाल्यावर सगळं ठीक," बायको धापा टाकत म्हणाली. "म्हणजे पुढचा डायनॅमो काम करतोय आणि मागून काही येत नाहीये. अहो, हे अर्थिंगचंच आहे बरं का."

"उशीर होतोय. बस आत."

"बसते. पण काहीही झालं तरी तिथे गाडी बंद करू नका."

वस्ताद आपल्या घराच्या दारातच ट्रंकेवर हात ठेवून बसले होते. पेंटरने वाकून नमस्कार केला. त्यांनी त्याचा खांदा चाचपला, मग हात पुढे करून गाडी शोधली. बॉनेटवर तळहात टेकला आणि कपाळाला आठी घातली.

"बंद कर ती. थरथरत्या पत्र्यावरून हात काय फिरवू?"

पेंटरने बायकोकडे बघितलं. बायकोने जोरजोराने मान हलवली. पण वस्तादांनी सांगितलेलं टाळायचं कसं, हे तो कधी शिकलाच नव्हता. त्याने किल्ली फिरवली.

गल्ली शांत झाली. वस्तादांनी डोळे मिटले. बॉनेटवरून हात निघाला, दारावरून गेला, छतावर चढला, मागच्या काचेच्या कडेने उतरला. पेंटर दोन पावलं मागे चालत होता. हात जिथे जरा हळू होई तिथे तोही थबकत होता. त्या हाताने त्याला घडवलं होतं, आणि त्याच हाताला तो आजही लहान मुलासारखा घाबरत होता. हात डिकीवर आला, टोकापर्यंत गेला आणि संपला.

"हं," वस्ताद म्हणाले.

बरं की वाईट ते काही कळेना. पुढे काही बोलतील म्हणून पेंटरने वाट बघितली. "चला," ते म्हणाले, "बस चुकेल." ट्रंक मागच्या सीटवर ठेवली, वस्ताद पुढे बसले.

टक.

"हे काय?" वस्ताद म्हणाले.

"काही नाही, वस्ताद. सेल्फ जरा..."

टक.

"रंगवलीस बरी," वस्ताद म्हणाले. "पण गाडी चालावी असाही विचार होता का?"

बायकोचा बांध फुटला. "वस्ताद, वायरिंग माझं आहे. काल अख्खा दिवस घातला मी. सकाळपासून एकेक जोड तपासला. आजवर माझ्या हातची गाडी अशी रस्त्यात उभी राहिलेली नाही. काय चुकलं तेच कळत नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते बघून पेंटरला वाटलं, आपल्याला याच डिकीत घालून वरून झाकण लावावं.

"बॅटरी कुठेय?" वस्तादांनी विचारलं.

"डिकीत."

"अर्थिंग?"

"तिथेच, गालिच्याखाली. पत्रा उघडा करून घेतलंय."

वस्ताद खाली उतरले. गाडीच्या कडेने चाचपत मागे आले, डिकी उघडायला लावली, गालिचा सारला आणि बोल्टाभोवती बोटं फिरवली. एकदा फिरवली. मग दुसऱ्यांदा, फार हळू.

"पोरी, इथे खरवडलेलं नाही."

"असं कसं? मी डोळ्यांनी बघितलंय!"

"मी हाताने बघतोय."

तिने बोल्ट सोडवला, वायर बाजूला केली आणि वाकून बघितलं. खाली बाटलीहिरवा रंग होता. त्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या मागे नवऱ्याचा, खाली मान घातलेला.

"अहो..."

"मला बघवेना गं," तो म्हणाला. "चुकलो. तू सकाळपासून स्वतःला बोल लावत होतीस आणि मी नुसता उभा होतो. मला वाटलं, एवढ्याशा रंगाने काय होणार."

"एवढ्याशा? दिवा थेंबभर विजेवर लागतो, तेवढी बोल्टाच्या आट्यांतून येत असणार, म्हणून मी फसले! सेल्फला बादली लागते, बादली! आणि बादलीच्या वाटेवर तुम्ही..." तिने पुन्हा त्या रंगाकडे बघितलं. "वायरीवर चढवायला एवढं पक्कं आवरण मला बाजारात मिळत नाही हो!"

वस्तादांचं या भांडणाकडे लक्ष नव्हतं. त्यांची बोटं अजून तिथेच होती.

"इथे आधी खरवडलं होतंस?"

"हो, वस्ताद. पार पत्र्यापर्यंत."

"आणि मग भरलंस?"

"प्राइमर, रंग, वर लॅकर. घाईत केलं, वस्ताद. ही बघेल म्हणून."

"घाईत," वस्ताद म्हणाले. त्यांनी बोटाचं टोक बाहेरून आत आणलं, आतून बाहेर नेलं. खरवडून भरलेल्या जागेला कुठेतरी कड लागतेच. कितीही कसबी कारागीर असो, जुना रंग कुठे संपला आणि नवा कुठे सुरू झाला ते बोटाला कळतंच, हे त्यांनीच त्याला शिकवलं होतं. "जोड कुठेय?"

"घासून मिळवलाय."

"मला लागत नाहीये."

रस्त्यावरून सायकलवाला घंटी वाजवत गेला.

"बस चुकेल," बायकोने हळूच आठवण करून दिली. "वस्ताद, खरवडावं लागेल."

"हो, हो. खरवडायलाच हवं." वस्तादांनी सवयीने खिशात हात घातला. पॉलिशपेपर निघालाच. गाव सोडून चाललेल्या माणसाच्या खिशातही तो होता. त्यांनी त्याची घडी घातली, अंगठा दाबून धरला आणि कागद रंगावर टेकवला. पेंटरने डोळे मिटून घेतले. आयुष्यभर ऐकलेली ती खरखर आता येणार, म्हणून तो थांबला.

खरखर आली नाही. त्याने डोळे उघडले. वस्तादांचा हात तसाच टेकलेला होता.

"माझ्याच्याने नाही व्हायचं," वस्ताद म्हणाले. त्यांनी कागद त्याच्यापुढे धरला. "तू कर."

पेंटरने कागद घेतला, वाकला, आणि तसाच सरळ झाला. "माझ्याच्यानेही नाही होत, वस्ताद."

"अरे, बस आहे माझी!"

"मग तुम्ही करा!"

"मी कसं करू? यात काढायला काही आहे का? उगाच कशाला हात लावू?"

हे बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते वस्तादांच्या लक्षात आलं असावं. ते घाईघाईने खोकले. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. पेंटर शर्टाच्या नव्या बाहीने डोळे पुसत होता आणि त्याला त्याची लाज वाटत नव्हती.

"द्या इकडे," बायको म्हणाली. तिने त्याच्या हातातला कागद ओढून घेतला. "दोघंही तिकडे तोंड करा."

दोघांनी निमूटपणे भिंतीकडे तोंड केलं. मागे खरखर सुरू झाली, तेव्हा वस्तादांनी चाचपत पेंटरचा हात धरला. रंग सहजासहजी निघत नव्हता. ती घासत होती, पुटपुटत होती, घाम पुसून पुन्हा घासत होती. एकदा तर ती थांबून म्हणाली, "काय मेलं मारलंय तरी काय हे!" आणि त्या दोघांनीही भिंतीकडे बघत माना डोलावल्या. शेवटी पत्रा उघडा झाला. तिने वायर ठेवून बोल्ट स्वतः आवळला, वरून ग्रीसचं बोट फिरवलं आणि पुढे जाऊन सेल्फ मारला. पहिल्याच फटक्याला गाडी गरजून उठली.

ते स्टँडवर पोचले तेव्हा बस निघायच्या बेतात होती. पेंटरने ट्रंक टपावर चढवली, वस्तादांना खिडकीशी बसवलं. बस हलली तशी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. पेंटर पुढे झाला. पण त्यांनी विचारलं, "ती कुठेय?"

"इथेच आहे, वस्ताद," बायको म्हणाली.

"पोरी, नीट ऐक," वस्ताद बसच्या आवाजावर ओरडून म्हणाले. "आता याला त्या डिकीजवळ एकट्याला सोडू नकोस!"

बस वळणाआड गेली तरी पेंटर हात हलवत उभा होता. मग तो गाडीकडे आला आणि डिकीवर हात ठेवून, अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाला, "ग्रीसच्या कडेकडेने नुसतं लॅकर फिरवलं तर चालेल का गं?"

बायकोने डिकीला कुलूप लावलं आणि किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. ती अजून तिच्याकडेच आहे. तो पुढून गाडी पुसतो, ती मागून.